सावलीतली मोजणी

शहरात एकूण सेहेचाळीस ठिकाणी वाहनं मोजली जातात. त्यातल्या कुठल्याही ठिकाणी जाऊन विचारा, तुमच्यात सगळ्यात बिनचूक कोण? उत्तर एकच येतं: मोजणीबाई. तिचं खरं नाव पगारपत्रकात आहे, ते तिथेच बरं आहे. एकोणीस वर्षं ती रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून जाणारं-येणारं मोजते. मांडीवर एक फळी, फळीवर पाच काउंटर ठोकलेले. एक मोटारींचा, एक स्कूटर-मोटारसायकलींचा, एक बस-ट्रकचा, एक सायकलींचा आणि शेवटचा पादचाऱ्यांचा. समोर रस्त्यावर खडूची रेघ. रेघ ओलांडली की टिक. झालं काम.

ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा चार तास, मग बोला. नवीन माणूस दुसऱ्या तासाला जांभया देतो, तिसऱ्या तासाला त्याला सगळ्या मोटारी एकाच रंगाच्या दिसतात आणि चौथ्या तासाला तो आपला अंदाजे टिकटिक करत सुटतो. अंदाजे टिकटिक करणारा माणूस मोजणीबाईच्या डोक्यात जातो. स्टेशन रोडला मोजणारा एक जांभईबहाद्दर आहे, त्याचं नाव काढलं तरी ती नाक मुरडते.

आता ही सवय काही चपलांबरोबर दाराबाहेर राहत नाही. जिना अठरा पायऱ्यांचा, नवरा चहात साखर दोन वेळा ढवळतो, शेजारीण दिवसातून पाच वेळा गॅलरीत येते, सगळं तिला माहीत. नवरा चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतो. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खपतो आणि घरी आल्यावर जमेल तेवढं कमी बघतो. संसार सुखाचा का झाला, ते यावरून समजून घ्या.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची छाती अजून कोणाची झालेली नाही. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतात. वय छप्पन्न, आवाज खणखणीत, उजवा गुडघा कुरकुरणारा. कामाला जातात सायकलने. काळी, जुनी, मागचं मडगार्ड खडखडणारी सायकल. मडगार्ड घट्ट करून घ्या म्हटलं तर म्हणतात, घंटी कशाला हवी मग, लोक आपोआप बाजूला होतात.

नणंद-भावजयींचं कसं होतं म्हणाल, तर एकमेकींवाचून करमत नव्हतं आणि एकमेकींना टोचल्यावाचून घास खाली जात नव्हता.

तर गोष्ट त्या मंगळवारची.

वन्सं ज्या रस्त्याने कामाला जायच्या, तो पुलापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंतचा रस्ता सरकारी कागदांवर तीन वर्षं लोंबकळत होता. रस्ते विभागाकडे दोन नकाशे तयार होते. पहिल्यात रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी वाट, मधे उंच कठडा. दुसऱ्यात मोटारींसाठी तिसरी पट्टी, आणि ती बसवायला आहे ती कडपण रस्त्यात घेणार. कुठला नकाशा घ्यायचा हे ठरणार मोजणीवर. सकाळी सात ते अकरा, चार तासांत दोनशे सायकली दिसल्या तर पहिला. नाहीतर दुसरा. याआधी दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळा आकडा पन्नासच्या आत. ही तिसरी आणि शेवटची. मंगळवारी आणि गुरुवारी, दोन सकाळी मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तर प्रश्न मिटला. जुळले नाहीत, तर मोजणाऱ्याने लेखी खुलासा द्यायचा आणि कुठला आकडा धरायचा ते साहेबांनी ठरवायचं.

मोजायला अर्थातच मोजणीबाई, या रस्त्यावरच्या चौकात, तिच्या नेहमीच्या जागी. तिचा आकडा आला की कोणी शंका काढत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वन्सं स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा निवडत होत्या. मोजणीबाई भांडी विसळत होती. नवरा जेवत होता.

"किती झाल्या?" वन्संनी विचारलं.

"एकतीस."

"एकतीस काय?"

"सायकली. चार तासांत. लोक सायकली चालवतच नाहीत हल्ली, वन्सं. उगाच आपलं म्हणायचं."

वन्संच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी किती वाजता गेले चौकातून?"

"सात बाराला."

"बघितलंस मला?"

"बघितलं म्हणजे काय, हँडलला निळी पिशवी होती. मडगार्ड तर पुलावरूनच ऐकू येत होतं."

"मग त्या एकतिसात मी कितवी?"

मोजणीबाईने नळ बंद केला. "तुम्ही नाही त्यात."

"का गं? मी काय पाप केलंय?"

"तुम्ही चालत होता. सायकल हातात होती. सायकल हातात धरून चालणारा माणूस पादचारी. नियम आहे तो, मी नाही केलेला."

वन्संनी भावाकडे मान वळवली. "ऐकलंस का रे? नऊ वर्षं मी सायकल दामटतेय आणि तुझी बायको मला रोज पायी पाठवतेय."

"मला यात घेऊ नका," नवरा ताटाशी बोलला.

"घराच्या दारापासून पुलापर्यंत सायकलवर," वन्सं बोटांवर मोजत म्हणाल्या, "पूल सायकलवर. चौक आला की उतरते. का उतरते? हौस आहे म्हणून? मार्केटमध्ये वळणारे ट्रक असा कोपरा कापतात, की मागचं चाक अंगावरच येतं. खाली ती गटाराची जाळी, पट्ट्या अशा बसवल्यात की सायकलचं चाक बरोब्बर आत जावं. आमच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या बाईचा घोटा तिथेच गेला, अजून लंगडते. म्हणून उतरते. शंभर पावलं सायकल ढकलते, खोक्यांच्या कारखान्याच्या भिंतीशी पुन्हा चढते, ती थेट फाटकापर्यंत. आणि तुझ्या कागदावर मी चालत आले."

"रेघेवर तुम्ही चालत होता, वन्सं."

"सगळेच उतरतात तिथे. ज्याला घरी कोणी वाट बघणारं आहे तो उतरतो. न उतरता जातात ते एकतीस वेडे. तू शहरातले वेडे मोजून आलीस, वहिनी."

मोजणीबाईने नळ पुन्हा सोडला. नियम तिच्या बाजूला होता. पण नियम बाजूला असला की तिला एरवी जसं उबदार वाटायचं, तसं त्या दिवशी वाटेना.

वन्संनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "तिसरी पट्टी आली, की ती शंभर पावलं चालायची कडही जाणार. मग मी जायचं कसं ते सांग. दोन बस बदलून गेले तर धुलाईघर सुरू झाल्यावर पोचेन. नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी. तेवढी घरी बसून तुझ्याशी भांडायची, हेच दिसतंय नशिबात."

हे शेवटचं वाक्य ऐकून नवऱ्याचा घास घशात अडकला. त्याला पाणी दिलं गेलं.

बुधवारी मोजणीबाईला सुट्टी होती. सकाळी पावणेसातला ती केस विंचरून तयार. नवऱ्याने विचारलं, कुठे? म्हणाली, भाजीला. नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, पिशवी नव्हतीच, आणि तो पुन्हा पांघरुणात शिरला.

चौकाच्या कोपऱ्यावर एक न्हावी आहे. त्याच्या दुकानापुढे पत्र्याचं छप्पर आलंय, आणि त्या छपराखाली मोजणीबाई एकोणीस वर्षं बसत आलेली. सुट्टीच्या दिवशी तिला तिथे उभी बघून न्हाव्याचा वस्तरा थांबला. समोरच्या गिऱ्हाईकाचा अर्धा गाल फेसात.

"आज कसं काय, ताई? स्टूल नाही, फळी नाही."

"वाट बघतेय एकाची."

"कोणाची?"

"तुम्ही त्याचा गाल पुरा करा आधी."

तिच्या मुठीत एक सुटा काउंटर होता. बघ्यांना दिसू नये म्हणून हात खिशात. सायकल हातात धरून जो रेघ ओलांडेल त्याच्यासाठी टिक, बाकी कशाला नाही.

आता गंमत अशी, की ही माणसं तिने याआधी बघितली नव्हती असं नाही. सगळी बघितली होती, सगळी मोजलीही होती, पाचव्या काउंटरवर. पण पाचवा काउंटर दाबताना ती त्यांचे पायच बघायची. आज पहिल्यांदा हातांकडे बघितलं. पुलाच्या उतारावरून सगळे सुसाट येत, आणि चौकाच्या वीस पावलं अलीकडे, कोणी शिट्टी मारल्यासारखे, एकेक करून उतरत. कोणी एक पाय मागून टाकून ऐटीत, कोणी धडपडत. रुग्णालयाच्या आया, खोक्यांच्या कारखान्यातल्या बायका, एक म्हातारा माळी कॅरियरला कात्री बांधून. मग डाव्या-उजव्या बाजूला बघत, सायकल अंगाशी घेऊन, ट्रकच्या चाकापासून हातभर दूर, पलीकडे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत आपोआप ठरून गेलेलं.

सात बाराला वन्सं आल्या. उतरताना गुडघा धरला, दात खाल्ले, आणि चालू लागल्या. छपराखाली कोण उभं आहे ते त्यांनी बघितलं नाही, किंवा बघूनही दाखवलं नाही. वन्संचं काही सांगता येत नाही.

साडेनऊला एक उंच पोरगी सायकलवरून आली, पाठीला नकाशाची नळकांडी. ही रस्ते विभागातली इंजिनिअर. सायकलच्या वाटेचा नकाशा हिनेच काढलेला, आणि मोजणीत दोनदा आपटलेला. तीही चौकात उतरली आणि सायकल ढकलत गेली. म्हणजे मंगळवारी तीही पाचव्या काउंटरवर होती. मोजणीबाईने टिक केलं, आणि तिला हसावं का काय करावं ते कळेना.

अकरा वाजता काउंटर बघितला. तीनशे बहात्तर.

मोजणीबाई तशीच कचेरीत गेली. मोजणी विभागाचे साहेब म्हणजे गृहस्थ तसे सज्जन. टेबलावर काच, काचेखाली सेहेचाळीस ठिकाणांचा नकाशा, आणि कुठलीही गोष्ट ऐकली की आधी चष्मा काढायची खोड.

"बाई, तुमची सुट्टी आहे ना आज?"

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"हातात सायकल म्हणजे पादचारीच. नवीन लोकांना तुम्हीच शिकवता की हे."

"शिकवते. नियम बरोबर आहे, साहेब. आकडाही बरोबर आहे. पण उत्तर चुकतंय."

"असं कसं होईल?"

"तेच बघायला आले. त्या रस्त्याची फाइल द्या जरा."

फाइल आली. धूळ झटकली. सगळ्यात खाली एकोणीस वर्षांपूर्वीचा मूळ आदेश. मोजणीबाईने तो उभ्यानेच वाचला. "पुलापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच्या रस्त्यावरील वाहनांची मोजणी करावी." एवढंच. पुन्हा वाचला. चौकाचा शब्दसुद्धा नाही. रस्त्यावर कुठेही बसा, आदेशाची काही हरकत नाही.

"मग चौकात बसायचं कोणी ठरवलं?" साहेब म्हणाले.

आदेशाच्या मागे पहिल्या मोजणीचा कागद टाचलेला होता. कोपऱ्यात चौकाचं छोटंसं चित्र, फुलीने स्टुलाची जागा, आणि खाली लिहिलेलं: "बसण्याची जागा न्हाव्याच्या दुकानापाशी. छप्पर आहे, सावली राहते." अक्षर गोल, टपोरं, प्रत्येक ओळ पट्टी ठेवून लिहिल्यासारखी. ते अक्षर अख्ख्या विभागात एकाच माणसाचं होतं.

ती पंचविशीत होती तेव्हा. नोकरीचा पहिला आठवडा, कडक ऊन, आणि समोर आयतं छप्पर. त्या रस्त्यावर तिच्या आधी कोणी मोजलंच नव्हतं. नंतर तिच्या रजेच्या दिवशी जो येई तो त्याच जागी बसे, कारण मोजणीबाई जिथे बसते ती जागा बरोबरच असणार.

साहेबांनीही अक्षर ओळखलं. चष्मा पुन्हा घातला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. सांगितलं ना, सज्जन गृहस्थ.

"उद्या मी चौकात बसणार नाही," मोजणीबाई म्हणाली. "खोक्यांच्या कारखान्याच्या भिंतीशी बसते. रस्ता तोच आहे."

"आदेशाची हरकत नाही," साहेब म्हणाले. "पण आकडे जुळले नाहीत तर खुलासा लागेल, बाई. तुमच्या सहीचा."

गुरुवारी ती कारखान्याच्या भिंतीशी बसली. तिथे सावलीचं नाव नाही. एका हाताने छत्री धरली, तर फळी घसरायला लागली. शेवटी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि डोक्याला रुमाल बांधला. नऊ वाजेपर्यंत नाक लाल, दहापर्यंत गाल. कारखान्याचा पहारेकरी दोनदा येऊन विचारून गेला, बाई, काही हरवलंय का.

पण इथे सगळे सायकलवर होते. चौक मागे टाकून, भिंतीशी चढून, पॅडल मारत जाणारे. चौथा काउंटर एकोणीस वर्षांत कुठल्याच सकाळी वाजला नसेल तेवढा त्या सकाळी वाजला. वन्सं सात पंधराला तिच्या पुढ्यातच सीटवर चढल्या. चढताना म्हणाल्या, "नीट दाब गं, मी आले," आणि खडखडत गेल्या.

आकडा आला चारशे तीन.

शुक्रवारी साहेबांनी दोन्ही कागद टेबलाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले. एकतीस. चारशे तीन.

"आता ऐका, बाई," ते म्हणाले. "मी सरळ बोलतो. दोन वाटा आहेत. गुरुवारची जागा नवीन होती, जुन्या आकड्यांशी तुलना होत नाही, असं तुम्ही लिहिलंत तर गुरुवारचा कागद बाद होतो. एकतीस राहतो. कोणाला काही विचारावं लागत नाही."

"आणि दुसरी?"

"जुनी जागाच चूक होती असं लिहायचं. मग मी चारशे तीन धरू शकतो. पण मग त्या जागेचे एकोणीस वर्षांचे आकडे चुकीचे ठरतात, आणि ते सगळे तुमच्या नावावर आहेत. सेवापुस्तकात शेरा जाईल. पुढच्या महिन्यात मुख्य मोजणीसाची जागा भरायचीय. तुमचं नाव पहिलं आहे. शेरा गेला की ते राहणार नाही." मग चष्मा पुसत ते म्हणाले, "दुसरं नाव स्टेशन रोडवाल्याचं आहे."

म्हणजे जांभईबहाद्दर. हे ऐकून मोजणीबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

कोरा कागद घेऊन ती घरी आली. स्वयंपाकघरात फळकुटावर कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि समोर बसून राहिली. एकोणीस वर्षांत तिला खुलासा लिहावा लागला नव्हता. बाकीच्यांचे खुलासे ती वाचायची, आणि वाचून हसायची.

वन्सं आल्या, हातपाय धुतले, कागद बघितला. काय झालं ते विचारलं. मोजणीबाईने सांगितलं, जांभईबहाद्दरासकट.

"हं," वन्सं म्हणाल्या. "मग लिही, की नणंदेने कान भरले. सगळ्या ऑफिसला पटेल. नणंदा त्यासाठीच असतात."

"वन्सं, थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय. मी माझं सांगते, वहिनी. माझ्यासाठी म्हणून काही लिहू नकोस. माझी तीन वर्षं कशीतरी निघतील. नाहीतर घरी बसेन. पण उद्या तुला तो मनुष्य हाताखाली घेऊन मोजायला शिकवायला लागला, तर घरात येऊन तू माझं डोकं खाशील, आणि तेव्हा मी ऐकून घेणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"तो काय शिकवणार मला."

"तेच म्हणतेय मी."

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "एखाद्याला काच चुकीची घासून दिली ना, तर तो आपल्याला दोष देत नाही. त्याला वाटतं जग असंच धूसर आहे." एवढं बोलून तो गेला. वर्षातून एखादं असं वाक्य तो बोलायचा, आणि मग पुढचं वर्षभर सुट्टी.

मोजणीबाईने पेन उचललं. चार ओळींचा खुलासा. साहेबांकडे तो अजून फाइलला लावलेला आहे, कोणीही बघावा:

"मंगळवारचा आकडा मोजलेल्या जागेसाठी बरोबर आहे, रस्त्यासाठी चुकीचा आहे. मोजणीची जागा एकोणीस वर्षांपूर्वी मी स्वतः सावली बघून निवडली. त्या जागी रस्ता धोक्याचा असल्यामुळे सायकलस्वार उतरून चालतात, म्हणून ते सायकलींत मोजले गेले नाहीत. जागा निवडण्याआधी मी पूर्ण रस्ता चालून बघायला हवा होता, तो बघितला नाही."

खाली सही. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. त्या दिवशी भांडी मात्र तिने दोनदा घासली.

पुढे जे व्हायचं तेच झालं. साहेबांनी चारशे तीनचा कागद वर पाठवला. सेवापुस्तकात शेरा गेला: मोजणीची जागा सदोष निवडली. मुख्य मोजणीस झाला जांभईबहाद्दर. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बोलावून बिनचूकपणावर पाऊण तास भाषण केलं. मोजणीबाई दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. त्याने भाषणात अकरा जांभया दाबल्या.

खरा धुरळा उडाला तो नंतर. खुलासा वरपर्यंत गेला, आणि वरून फर्मान आलं की बाकीच्या पंचेचाळीस जागाही कशा निवडल्या ते बघा. बघितलं. कुठे झाड, कुठे बसथांबा, कुठे चहाची टपरी. सतरा जागांवर स्टूल सावलीला ठेवलेलं, आणि रस्ता वेगळंच काही सांगत होता. सतरा माणसं उन्हात आली. त्यांनी मोजणीबाईशी बोलणं सोडलं. महिनाभर तिच्या वाटचा चहा कोणी मागवला नाही. ती घरून थर्मास नेऊ लागली आणि मुद्दाम दोन कप चहा नेऊन एकटीच प्यायची. एक जण शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, तुमचं तोंड जरा कमी खरं बोललं असतं तर आमचं टक्कल भाजलं नसतं." तिने त्याला दुसरा कप दिला. तिथून हळूहळू बोलणी सुरू झाली.

रस्त्याला चौदा महिने लागले. इंजिनिअर पोरीने चौकाचा कोपरा फूटपाथ वाढवून पुढे आणला, त्यामुळे ट्रकना वळताना वेग कमी करावाच लागतो. गटाराची जाळी काढून आडव्या पट्ट्यांची बसवली. सायकलींना वेगळा सिग्नल दिला, मोटारींच्या आधी काही सेकंद हिरवा होणारा. पुलापासून फाटकापर्यंत कठडा.

वाट उघडली त्या सकाळी इंजिनिअर चौकात उभी, मोजणीबाईही उभी, कामावर जायच्या आधी. पुलावरून पहिला घोळका आला. सायकलींचा दिवा हिरवा. आणि वीस पावलं अलीकडे सगळे आपले शिस्तीत खाली उतरले, आणि मोकळ्या, सुरक्षित, नव्याकोऱ्या वाटेवरून सायकली ढकलत पलीकडे गेले. माळी उतरला, आया उतरल्या, वन्सं तर सगळ्यांच्या आधी.

इंजिनिअरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "काकू, हे काय?"

"सवय आहे," मोजणीबाई म्हणाली. "नऊ-नऊ वर्षांची. एका दिवसात कशी जाईल?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खोक्यांच्या कारखान्यात नव्याने लागलेली एक पोरगी, जिला काहीच माहीत नव्हतं, ती सायकलवरून न उतरता वन्संच्या शेजारून सरळ निघून गेली. जाताना वर "आजी, बाजूला" म्हणाली.

आजी. वन्संना.

वन्सं चौकाच्या मधोमध सीटवर चढल्या. गुडघा कुरकुरला असेल, पण त्या दिवशी त्याचं कोण ऐकतंय. मडगार्ड खडखडवत त्या पोरीच्या मागे लागल्या आणि फाटकाच्या अलीकडे तिला गाठलं. काय बोलल्या ते कोणाला कळलेलं नाही, पण ती पोरगी हल्ली त्यांना ताई म्हणते. वन्संच्या मागून माळी चढला, माळ्याच्या मागून बाकीचे. आठवडा संपेपर्यंत चौकात कोणी उतरेनासं झालं.

वन्सं आता कामावर सात मिनिटं लवकर पोचतात. धुलाईघराचं कुलूप उघडलेलं नसतं, मग बाहेरच्या बाकावर पाय लांब करून बसावं लागतं. रोज संध्याकाळी त्या भावजयीकडे याची तक्रार करतात.